घाटाखालीं जाण्याचा हुकूम

मावळांतील जुनें घर म्हणजे एक प्रकारचें सरपणच होय. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लेप, वर गवताचें किंवा भाताच्या पेंढ्याचें छप्पर आणि अंगणापलीकडे गुरांच्या वैरणीची गंजी. पावसाळ्याचे चार महिने असलें घर माणसाला कोरडें ठेवितें. परंतु फाल्गुन-चैत्रांत ऊन तापूं लागलें म्हणजे तेंच छप्पर जणूं एका ठिणगीची वाट पाहत उभें असतें. अशा गांवांत शत्रूचे स्वार शिरले म्हणजे त्यांना तोफा लागत नाहींत, सुरुंग लागत नाहींत. एक पेटता पलिता पुरे. एका आढ्यावरून दुसऱ्या आढ्यावर आग उडी घेते, आणि ओढा आटलेला, विहिरीचें पाणी तळाला गेलेलें, अशा वेळीं ती विझवावी तरी कशी? असल्या वस्तींतील माणसांना वांचविण्याचा एकच मार्ग असतो. आग येण्यापूर्वीं तीं तेथून निघून गेलेलीं असलीं पाहिजेत.

ही गोष्ट सांगावयास सोपी आहे. घडवून आणावयास अतिशय कठीण. घरदार, गुरेंढोरें, उभें पीक सोडून मनुष्य सहसा हलत नाहीं. धूर डोळ्यांनीं दिसल्यावांचून त्याला धोका खरा वाटत नाहीं, आणि धूर दिसूं लागला म्हणजे बहुधा वेळ टळून गेलेली असते. सतराव्या शतकांत भोर व वेल्हे या भागांतील रयतेला हा अनुभव एकाहून अधिक वेळां घ्यावा लागला. त्यासंबंधींचा एक कागद सुदैवानें शिल्लक आहे, आणि त्या कागदांत एका राज्यकर्त्यानें आपल्या प्रजेला संकटापूर्वीं हलविण्याची जी व्यवस्था लावून दिली आहे ती बारकाईनें पाहण्यासारखी आहे.

पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत हे दोन तालुके सह्याद्रीच्या माथ्याला टेकून पसरलेले आहेत. वेल्ह्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं घेतला. जुन्या कागदांत मात्र या मुलखाचीं नांवें नद्यांवरून व खोऱ्यांवरून पडलेलीं आढळतात. नीरेच्या अंगाचें रोहिडखोरें, त्याच्या पश्चिमेस हिरडस मावळ, येळवंडीच्या कांठचें वेळवंडखोरें, गुंजवणीचें गुंजण मावळ आणि तोरण्याच्या पायथ्याचें कानदखोरें. प्रत्येक खोऱ्याला त्याचा देशमुख असे. रोहिडखोऱ्यांत जेधे व खोपडे, हिरडस मावळांत बांदल, गुंजण मावळांत शिळीमकर, कानदखोऱ्यांत मरळ. रोहिडा, राजगड व तोरणा हे तीन किल्ले या खोऱ्यांवर नजर ठेवून उभे आहेत. पूर्वेकडे डोंगर उतरत उतरत पुण्या-शिरवळच्या मैदानाला मिळतात. पश्चिमेकडे मात्र जमीन एकदम तुटते, आणि वरंध, गोप्या, मढे, उपांड्या अशा अवघड वाटांनीं मनुष्य खालीं कोंकणांत पोंचतो. शत्रू यावयाचा तो पूर्वेकडून, आणि सुटकेची वाट होती ती पश्चिमेकडे. या प्रदेशाची सारी कथा या एका भौगोलिक गोष्टींत सांठविलेली आहे.

आगीची ओळख या भागाला नवी नव्हती. १६३० च्या सुमारास विजापूरकरांच्या फौजेनें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें व त्या जागेवर गाढवांचा नांगर फिरविला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचें तें मुख्य ठाणें. तेथील लोक परागंदा झाले आणि शिवाजीमहाराज बाळपणीं मातोश्रींसह तेथें राहावयास आले तेव्हां वस्ती नव्यानें बसवावी लागली. गांव जाळण्यास एक दिवस पुरतो आणि बसविण्यास अर्धें आयुष्य जातें, हें ज्ञान महाराजांना पुस्तकावरून मिळालेलें नव्हतें. ज्या शहरांत ते वाढले त्या शहराच्या पडक्या भिंतींनींच तें त्यांना शिकविलें असलें पाहिजे.

१६६० च्या मे महिन्यांत औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान पुण्यांत येऊन बसला. महाराजांच्या स्वतःच्या लाल महालांतच त्यानें मुक्काम ठोकला. चाकणचा किल्ला त्यानें त्याच वर्षीं घेतला, परंतु फिरंगोजी नरसाळ्यानें तो जवळजवळ दोन महिने झुंजविल्यामुळें किल्ल्यांच्या नादीं लागण्याची मोंगलांची हौस बरीच कमी झाली. फेब्रुवारी १६६१ मध्यें कारतलबखान कोंकणांत उतरूं गेला तो उंबरखिंडींत कोंडला गेला. तेव्हांपासून मोंगलांनीं दुसरी रीत अधिक चालविली. किल्ल्यावर न चढतां किल्ल्याखालचीं गांवें लुटावयाचीं, जाळावयाचीं आणि माणसें धरून न्यावयाचीं. या स्वारीला त्या काळीं 'धांवणी' म्हणत. शब्द अगदीं समर्पक आहे. फौज येते, धांवते, जाळते आणि निघून जाते. तिच्याशीं समोरासमोर लढण्यास वेळच मिळत नाहीं. किल्ला अजिंक्य राहिला तरी त्याच्या पायथ्याचा मुलूख ओसाड झाला म्हणजे किल्ल्यावरच्या शिबंदीनें खावें काय?

अशा स्थितींत, २३ ऑक्टोबर १६६२ या तारखेस महाराजांनीं रोहिडखोऱ्याचा देशमुख सर्जेराव जेधे यास एक पत्र पाठविलें. पत्र लहान आहे. त्यांत मायन्यापलीकडे अलंकार नाहीं, युद्धाची चर्चा नाहीं, धीराच्या गोष्टी नाहींत. जासुदांनीं बातमी आणिली आहे कीं, मोंगल तुमच्या तप्यांत धांवणीस येत आहेत, एवढें सांगून पत्र लगेच कामाच्या गोष्टीकडे वळतें. हा रोखा हातीं पडतांच देशमुखानें आपल्या तप्यांतील प्रत्येक गांवास ताकीद द्यावी. सर्व रयतेला, बायकामुलांसह, घाटाखालीं जेथें अवघड जागा असेल तेथें पाठवून द्यावें. शत्रूचा उपद्रव पोंचणार नाहीं अशीच ती जागा असली पाहिजे. या कामांत हयगय होतां कामा नये. देशमुखानें गांवोगांव स्वतः हिंडावें, रात्र व दिवस एक करावा, एका घडीचाहि उशीर करूं नये. आणि इतकें असून त्याच्याकडून कसूर झाली व मोंगलांनीं माणसें बंदी करून नेलीं, तर त्याचें पाप देशमुखाच्या माथीं बसेल.

पत्र येथेंच संपलें असतें तरी तें मोलाचें ठरलें असतें. परंतु त्यांत आणखी एक कलम आहे, आणि त्या कलमांतच लिहवून घेणाराची दृष्टि खरी कळून येते. गांवांत कांहीं लोक शेताच्या राखणीसाठीं मागें राहतील, हें महाराजांनीं गृहीतच धरलें आहे. त्यांना दटावून न्या असें ते सांगत नाहींत. त्यांनीं डोंगरावर, आसऱ्याच्या बिकट ठिकाणीं राहावें. शत्रू दूरवर दृष्टीस पडतांच त्याच्या धांवणीची वाट चुकवून पळून जावें. आणि देशमुखानें आपल्या जागीं सावध असावें, असें सांगून पत्र पुरें केलें आहे.

ऑक्टोबरची अखेर म्हणजे मावळांत काय असतें, हें जाणणाराला या कलमाचें मर्म सांगावयास नको. हळवें भात कापणीस आलेलें असतें, गरवें पोटरींतून बाहेर पडून पिकूं लागलेलें असतें, नाचणी-वरीच्या कणसांवर पांखरें उतरत असतात. वर्षाचें अन्न शेतांत उभें असतांना कुणब्याला घाटाखालीं चल म्हणणें म्हणजे त्याला एका मरणांतून काढून दुसऱ्या मरणाकडे नेण्यासारखें आहे. सर्वांनीं गेलेंच पाहिजे असा सरसकट हुकूम सोडला असता तर लोकांनीं तो मानलाच नसता. किंवा पहिल्या दिवशीं गेले असते आणि तिसऱ्या दिवशीं पोटाच्या काळजीनें परत आले असते, नेमके शत्रूच्या हातीं सांपडावयास. म्हणून बायका, मुलें, म्हातारीं माणसें आधीं दूर. आणि जे धडधाकट लोक पिकासाठीं राहणारच, त्यांना कोठें राहावें, कोणत्या खुणेवर पळावें, हें आधींच ठरवून दिलेलें. मनुष्यस्वभावाशीं भांडण न करतां त्याला वाट काढून देणारा हुकूम असाच असतो.

घाटाखालच्या जागा तरी कोणत्या? येथें सहा वर्षांपूर्वींची एक घटना लक्षांत घ्यावी लागते. १६५६ च्या आरंभीं महाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली व त्याच वर्षीं रायरी, म्हणजे पुढचा रायगड, त्यांच्या हातीं आली. जावळीच्या स्वारीकडे बहुधा राज्यविस्ताराच्या दृष्टीनेंच पाहिलें जातें. परंतु शिवथरचें खोरें व महाडकडील मुलूख ताब्यांत नसता, तर वरंध व गोप्या घाट उतरून गेलेलीं माणसें एका शत्रूपासून सुटून दुसऱ्याच्या दारांत उभीं राहिलीं असतीं. उत्तरेकडे कल्याणच्या बाजूस मोंगल १६६१ मध्यें उतरलेच होते. तेव्हां रोहिडखोऱ्याच्या रयतेला घाटाखालीं पाठवा हें वाक्य १६६२ सालीं लिहितां आलें, याचें कारण त्या घाटाच्या तोंडाशीं व पायथ्याशीं आपलीं ठाणीं होतीं हें होय. पळण्याची वाट ही देखील आधीं मिळवावी लागते.

हुकूम पोंचविणारी यंत्रणा अगदीं साधी होती. वर बातमी आणणारे जासूद; मध्यें देशमुख; खालीं प्रत्येक गांवचा पाटील आणि गांवाची सीम व वेस राखणारा वेसकर. रोहिडखोऱ्यांत बेचाळीस गांवें धरलीं जात. वाड्या डोंगराच्या कुशींत विखुरलेल्या, मध्यें ओढे आणि रान. दवंडी एका गांवांत पिटली तर शेजारच्या वाडीला ऐकूं जावयाची नाहीं. म्हणूनच पत्रांत स्वतः गांवोगांव हिंडण्यावर इतका भर आहे. देशमुखाचा माणूस येऊन सांगून गेला, एवढ्यानें कुणबी उठत नाहीं. ज्याच्या शब्दावर तो लढाईला जातो, ज्याच्या वाड्यावर न्यायाला जातो, तो देशमुख स्वतः दाराशीं येऊन उभा राहिला तर मात्र तो घोंगडी खांद्यावर टाकतो.

येथें दंडाची भाषा नसून पापाची भाषा आहे, हेंहि विसरतां येत नाहीं. वतन जप्त करीन, असें महाराजांना लिहितां आलें असतें, व इतर प्रसंगीं त्यांनीं वतनदारांना कडक शब्द लिहिलेलेहि आहेत. परंतु सर्जेराव हा कान्होजी जेध्यांचा मुलगा. १६५९ मध्यें अफजलखानाच्या स्वारीच्या वेळीं आदिलशहाचें फर्मान घेऊन कान्होजी महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडून स्वामींबरोबर राहिले. त्या वेळीं कान्होजींच्या कुटुंबकबिल्याला धोक्याच्या जागेंतून काढून तळेगांवीं ढमढेऱ्यांकडे ठेवण्याची सूचना महाराजांनींच केली होती. त्याच खोऱ्यांतला खंडोजी खोपडा मात्र खानाला मिळाला व पुढें त्याचा एक हात आणि एक पाय कलम झाला. म्हणजे ज्या घराण्याला आपलीं माणसें आधीं सुरक्षित जागीं हलविण्याचें महत्त्व प्रत्यक्ष अनुभवानें ठाऊक होतें, त्याच घराण्यावर तीन वर्षांनीं सबंध तप्याचा भार टाकण्यांत आला. अशा माणसाला जप्तीची धमकी देण्यापेक्षां पापाची आठवण देणें अधिक परिणामकारक होतें. रयत धरली गेली तर तो केवळ कारभारांतला दोष राहत नाहीं, हें त्या एका शब्दानें त्याच्या मनावर ठसविलें.

पुढें एप्रिल १६६३ मध्यें महाराजांनीं लाल महालावर छापा घातला, शायिस्ताखानाचीं बोटें तुटलीं आणि तो प्रसंग टळला. परंतु धांवणीची रीत टळली नाहीं. खऱ्या आगीची वेळ दोन वर्षांनीं आली.

मिर्झा राजा जयसिंग ३ मार्च १६६५ रोजीं पुण्यांत दाखल झाला. हा सेनापति शायिस्ताखानासारखा सुखासीन नव्हता. लढाईबरोबर पत्रांचाहि त्यानें सपाटा लावला. अफजलखानाच्या मुलाला त्यानें आपल्याकडे ओढलें, कोंकणांतील सिद्दी व पोर्तुगीज यांच्याकडे संधान बांधलें, उत्तर कोंकणांतील लहान राजांकडे मनुची नांवाचा इटालियन मनुष्य वकील म्हणून धाडला. मार्चच्या अखेरीस पुरंदरला वेढा पडला व १४ एप्रिलला वज्रगड पडला. वेढा चालू असतांनाच जयसिंगानें दुसरी योजना हातीं घेतली. शिवाजीच्या मुलखांत चहूंकडून फौजा घालून तेथें वस्तीची वा शेतीची खूण राहूं द्यावयाची नाहीं, अशी ती योजना. ती कोणा बखरकारानें रचलेली नाहीं. जयसिंगाच्या दरबारी पत्रांचा 'हफ्त अंजुमन' या नांवाचा जो फारसी संग्रह त्याच्या मुनशीनें केला, त्यांत ती नमूद आहे.

या कामावर दाऊदखान कुरेशीची नेमणूक झाली. तिच्यामागें थोडी घरगुती भानगडहि होती. पुरंदरच्या खिडकीवर दाऊदखानाचा पहारा असतांना मराठ्यांची एक तुकडी त्याच वाटेनें गडांत शिरली. त्यावरून दिलेरखान व दाऊदखान यांच्यांत जुंपली, आणि जयसिंगानें शहाणपणानें दाऊदखानाला वेढ्यावरून काढून या धांवत्या फौजेचा मुख्य केला. दोन सरदारांच्या भांडणाची झळ अशा रीतीनें ज्यांनीं त्यांचीं नांवेंहि ऐकलीं नव्हतीं त्या कुणब्यांच्या झोंपड्यांना लागली. त्याच्याबरोबर राजा रायसिंग, शर्झाखान, अमरसिंग चंद्रावत, अचलसिंग कछवाह इत्यादि सरदार होते. फौज सुमारें सहा हजार.

२५ एप्रिलला ही फौज निघाली आणि २७ एप्रिलला रोहिड्याजवळ पोंचली. अवघे दोन दिवस! एवढ्या अवधींत जासुदानें बातमी आणावयाची, देशमुखानें गांवें उठवावयाचीं आणि माणसांनीं घाट गांठावयाचा. शिवाय ऋतूहि उलटा. १६६२ च्या हुकुमाच्या वेळीं रान ओलें व शेत हिरवेंपिवळें होतें. आतां वैशाखाच्या उन्हांत छपरें वाळून कोळ झालेलीं, पेंढ्याच्या गंज्या रचलेल्या, डोंगरउतारावरचें गवत पिवळें पडलेलें. मावळांतला शेतकरी याच दिवसांत राब भाजतो, म्हणजे पालापाचोळा व शेण पसरून रोपाच्या वाफ्याची जमीन जाळतो. धुराची वर्दी मिळून सावध व्हावें, तर धूर रोजच दिसणारा. मोंगलांनीं रोहिड्याच्या आसपासचीं सुमारें पन्नास गांवें जाळून उद्ध्वस्त केलीं.

या स्वारीच्या वृत्तांतांत चार गांवांचा एक उल्लेख आहे, आणि सबंध प्रकरणांत मनाला सर्वांत अधिक लागणारा भाग तोच होय. डोंगरांच्या आंत दडलेलीं, भरवस्तीचीं, पूर्वीं कोणत्याहि शत्रूची पावलें न लागलेलीं अशीं तीं चार गांवें होतीं. मोंगलांची एक लहान तुकडी तेथें जाऊन पोंचली. मागून कुमक येतांच प्रतिकार मोडला गेला, गांवें जमीनदोस्त झालीं, आणि कित्येक कुणबी व गुरेंढोरें शत्रूच्या हातीं लागलीं. प्रतिकार झाला याचा अर्थ तेथें माणसें होतीं, आणि लढणारीं माणसें होतीं. भरवस्ती होती याचा अर्थ तेथून कोणी हललें नव्हतें. आजवर कोणी आलें नाहीं तेव्हां आतांहि कोणी येणार नाहीं, हा तेथील भरंवसा असावा. कदाचित् बाहेरच्या गांवचे लोकहि तीच जागा बांकी समजून तेथें आसऱ्यास आले असतील. १६६२ च्या पत्रांत नुसती अवघड जागा पाहा असें न म्हणतां, शत्रूचा उपद्रव पोंचणार नाहीं अशी जागा पाहा, असें जें दुसऱ्यांदां बजावून सांगितलें आहे, तें किती योग्य होतें हें या चार गांवांवरून दिसतें. डोंगराच्या पोटांत जागा दुर्गम असली तरी ती खोऱ्याच्या आंतच असते, आणि तोंड अडविलें म्हणजे तिचाच पिंजरा होतो.

याला साक्षी म्हणून त्याच काळांतील एका दूरच्या आगीचें उदाहरण घेण्यासारखें आहे. पुढच्याच वर्षीं, २ सप्टेंबर १६६६ रोजीं, लंडन शहरांत पुडिंग लेन या गल्लींतील एका भटारखान्यांतून आग उठली. शहराचा मेयर ब्लडवर्थ यास रात्रींच उठवून आणलें. परंतु आजूबाजूचीं घरें पाडून आगीची वाट तोडण्याचा हुकूम देण्यास तो कचरला. घरमालकांची नुकसानभरपाई कोण देणार, ही त्याची चिंता! तो निर्णय होईपर्यंत वाऱ्यानें आपला निर्णय करून टाकला होता. चार दिवसांत १३,२०० घरें व ८७ चर्चें जळालीं. लोक होड्यांतून टेम्स नदीवर व वेशीबाहेर मूरफील्ड्सच्या मैदानांत पळाले. गाडीचें भाडें कित्येक पटींनीं वाढलें, म्हणजे ज्याच्या गांठीं पैसा त्याचें सामान वांचलें. आणि शहरांतील पुस्तकविक्यांनीं आपलीं पुस्तकें सेंट पॉलच्या देवळाखालच्या दगडी तळघरांत नेऊन ठेविलीं, कारण ती जागा सर्वांत सुरक्षित म्हणून प्रसिद्ध होती. देवळाचें छप्पर कोसळलें व तळघरांतील सर्व ग्रंथ भस्म झाले. जगांतील एका मोठ्या राजधानींत आणि रोहिड्याच्या डोंगरांतील चार खेड्यांत एकच गोष्ट घडली. लंडनच्या नगरपित्यांपाशीं घडीचाहि उशीर न करण्याचा हुकूम काढणारा त्या पहिल्या रात्रीं कोणी नव्हता, एवढा फरक मात्र मान्य केला पाहिजे.

असो. दाऊदखान रोहिड्यापाशीं एक दिवस मुक्काम करून ३० एप्रिलला राजगडाकडे वळला. वाटेंतील गांवें त्यानें जाळलीं. राजगडाला वेढा घालण्याची त्याची तयारी नव्हती व तसा त्याचा विचारहि नव्हता. गडाच्या भोंवतालचीं गांवें गडावरच्या शिबंदीच्या डोळ्यांदेखत त्यानें पेटवून दिलीं. शिबंदीला तटाबाहेर पडतां आलें नाहीं. यांत भित्रेपणा शोधणें अन्यायाचें होईल. सहा हजार स्वारांपुढें गड उघडा टाकून खालीं उतरणें म्हणजे राजधानी हातची घालविणें होतें. परंतु पद्मावती आणि सुवेळा या माच्यांवर उभ्या असलेल्या माणसांपैकीं कित्येकांचीं घरें खालच्याच गांवांत असतील. तट सुरक्षित होता, पण आपलें छप्पर जळत असलेलें त्यांना तेथून स्पष्ट दिसत होतें. गडाभोंवतालची जमीन उंचसखल असल्यामुळें फौजेनें रात्रीं तेथें न राहतां गुंजण मावळाच्या खिंडीजवळच्या सपाटीवर तळ दिला, दुसऱ्या दिवशीं, १ मे रोजीं, शिवापूर गांठलें, तेथून सिंहगडाचा पायथा लुटला व ३ मे रोजीं ती पुण्यास परतली. निघाल्यापासून परत येईपर्यंत नऊ दिवस. नऊ दिवसांत आजच्या भोर व वेल्हे तालुक्यांचा मोठा भाग होरपळून निघाला.

महाराजांनीं पुढच्याच महिन्यांत, ११ जूनला, जयसिंगाची भेट घेतली आणि पुरंदरचा तह केला. तेवीस किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख देऊन बारा किल्ले राखले. या तहाचीं कारणें सांगतांना पुरंदरचे बुरूज, मुरारबाजीचें पतन आणि गडांत अडकलेलीं कुटुंबें यांचा उल्लेख होतो, व तो यथार्थच आहे. परंतु नऊ दिवसांच्या या धांवणीलाहि त्या हिशेबांत जागा दिली पाहिजे. मृगाचा पाऊस तोंडावर आला होता. ज्या शेतकऱ्यांचीं घरें, बैल व बियाणें गेलें होतें त्यांना पेरणीपूर्वीं आपल्या शेतावर परत आणलें नसतें तर किल्ले राखूनहि राज्य राखतां आलें नसतें. तहांत रोहिडा मोंगलांकडे गेला; राजगड व तोरणा महाराजांकडे राहिले. एकाच आगींत पोळलेलीं शेजारचीं दोन खोरीं दोन सत्तांच्या किल्ल्यांखालीं आलीं.

हललेल्या माणसांना परत बसविणें, हा या विषयाचा अर्धा भाग होय. आणि तेथेंहि महाराजांची रीत तीच दिसते. ५ सप्टेंबर १६७६ चें, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र तळकोंकणासंबंधीं आहे. परंतु त्यांतील कार्यपद्धति १६६२ च्या पत्राशीं ताडून पाहण्यासारखी आहे. सुभेदारानें गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, कोणापाशीं माणूसबळ आहे पण बैल नाहींत, कोणापाशीं पोटाला दाणा नाहीं, हें पाहावें. बैलांसाठीं रोख पैका द्यावा, खावयास धान्य द्यावें, आणि मुद्दल तेवढें त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू घ्यावें, व्याज घेऊं नये. यासाठीं लाख-दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल! गांव उठवावयाचें असो वा बसवावयाचें असो, अधिकाऱ्यानें कचेरींत बसून तें व्हावयाचें नाहीं, हा सिद्धान्त दोन्ही पत्रांत एकच आहे.

आगीसंबंधीं तर महाराजांची नजर याहूनहि बारीक होती. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ दळवटणें येथें घोडदळाची छावणी होती. तेथील अंमलदारांना लिहिलेल्या पत्रांत शत्रूच्या पलित्याचा प्रश्नच नाहीं. भीति आहे ती आपल्याच लोकांच्या निष्काळजीपणाची. कोणी गवताजवळ चुली पेटवील, कोणी विस्तव घेऊन तमाखू ओढील, कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग वैरण जळेल, घोडीं मरतील. वातीच्या उंदरापर्यंत विचार करणारा राजा इतिहासांत विरळा. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत किल्ल्यांची व्यवस्था लिहितांना दारूखाना राहत्या घरांजवळ असूं नये असा जो नियम घातला, तो याच परंपरेंतला आहे.

२४ जून १६७० रोजीं रोहिडा पुन्हां स्वराज्यांत आला. पुढें तो भोरच्या पंतसचिवांकडे गेला व १९४८ सालीं भोर संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याचकडे राहिला. खालच्या खोऱ्यांत गांवें पुन्हां उभीं राहिलीं, छपरें पुन्हां शाकारलीं गेलीं. कारीच्या जेध्यांनीं मात्र या साऱ्या धामधुमींत आपले कागद जपले. त्यांतील शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली व १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापली गेली. आणि घाटाखालीं जाण्याचा तो १६६२ चा हुकूमहि त्याच घराण्याच्या दप्तरांतून वाचकांपुढें आला.